आळणी

वही मी स्वतःच बांधली आहे. कटिंग मशीनखाली पडलेल्या मॅपलिथोच्या पट्ट्या गोळा केल्या, मधोमध दोरा घातला, वरून जुन्या रजिस्टरचा मार्बल कागद चिकटवला. समुपदेशक मॅडम म्हणाल्या होत्या, दुकानातून आणलीत तरी चालेल. पण बाइंडिंगवाल्याने वही विकत आणायची म्हणजे सुताराने बसायला शेजारचा पाट मागण्यासारखं. प्रत्येक पानावर दोन रकाने आहेत. एकात ‘केलं’, दुसऱ्यात ‘चव’. तासातासाला दोन्हींत दहापैकी गुण द्यायचे. गोष्ट पार पाडली का, ते पहिल्यात. पार पाडताना मनाला काही लागलं का, ते दुसऱ्यात. मॅडमच्या छापील कागदावर ‘आनंद’ असा शब्द होता, तो मी खोडला. गर्द सोडल्यापासून हा शब्द मला फक्त लग्नपत्रिकेत शोभतो असं वाटतं. चव बरी. ती असते किंवा नसते.

आज १५३ वा दिवस. शनिवार. दिवाळी तीन आठवड्यांवर आलीय, म्हणजे सदाशिव पेठेत बाइंडिंगवाल्यांना मरायला वेळ नाही. हे वाक्य आमच्या कारखान्यात सगळे सहज म्हणतात. मी म्हटलं की सगळे क्षणभर गप्प होतात.

पहाटे ३:४०

डोळा उघडला तो उघडलाच. स्वप्नात गर्दची पन्नी होती, पेटलेली काडी होती, आणि नेहमीसारखंच धूर तोंडाशी यायच्या आत कोणीतरी दार वाजवलं. व्यसन सोडलेल्यांच्या आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना अशी स्वप्नं पडतात आणि बहुतेकांच्या स्वप्नात धूर पोचतच नाही. जागं झाल्यावर पहिलं मिनिट जातं ते आपण खरंच ओढलं की काय, याचा हिशेब लावण्यात. नाही, हे आईचं घर, दांडेकर पूल, पलीकडच्या खोलीत दादा-वहिनी, डोक्यावर खुरखुरणारा पंखा. हायसं वाटायला हवं. वाटत नाही. काहीच वाटत नाही.

टर्कीचं, म्हणजे गर्द बंद केल्यावर होणाऱ्या त्रासाचं, सगळ्यांना कौतुक असतं. शेवटचं ओढल्यावर आठ-बारा तासांत नाक गळायला लागतं, जांभया येतात, पाय कोणीतरी पिळतंय असं होतं. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यांत वाईट. उलट्या, जुलाब, अंगावर काटा, उन्हाळ्यात गोधडी. मग हळूहळू उतरत आठवडा-दहा दिवसांत संपतं. आमच्या घरात अजून त्या दिवसांची गोष्ट निघते. आईने पाय कसे चेपले, दादा रात्रभर कसा दाराशी बसला. त्या गोष्टीला सुरुवात आहे, मध्य आहे, शेवट आहे. पाहुण्यांना सांगता येते.

त्यानंतर जे आलं त्याची गोष्ट होत नाही. दुसऱ्या महिन्यात मी भिंतीकडे तोंड करून पडायला लागलो. रडू येत नव्हतं. कोणाची आठवणही येत नव्हती. बायको चार वर्षांपूर्वी माहेरी गेली ती गेलीच, आणि तिचं बरोबरच होतं, पण त्याचंही दुःख म्हणावं असं काही होत नव्हतं. आमटीत मीठ घालायचं राहिलं की कशी लागते, तसा सगळा दिवस. आळणी. घरच्यांना तो आळस वाटला. “सुटलास ना आता? मग तोंड कशाला पाडून बसलायस?” असं दादा एकदा म्हणाला. त्याचा काय दोष? सुटल्यावर माणूस खूश होतो, असंच सगळ्यांना वाटतं. मलाही वाटायचं.

मी याआधी दोनदा सोडली होती. एकदा चौथ्या महिन्यात परत गेलो, एकदा सातव्या. दोन्ही वेळा लोक म्हणाले, मित्रांनी नादाला लावलं. मित्र कुठले? गर्दुल्ल्याला मित्र नसतात. मी मजेसाठीही गेलो नव्हतो. आळणी खाऊन कंटाळलो आणि मिठासाठी गेलो, एवढंच.

केलं: ० (झोपलो नाही). चव: ०.

५:५०

पर्वती. १०३ पायऱ्या. डॉक्टर म्हणाले होते, सकाळचं ऊन अंगावर घ्या, पायांना काम द्या. पहिल्या महिन्यात मी तिसाव्या पायरीवर बसायचो आणि साठ-सत्तर वर्षांचे आजोबा ‘जय गणेश’ म्हणत मला मागे टाकून जायचे. आता न थांबता चढतो. वर पोचल्यावर सगळं पुणं दिसतं. लोक ‘वा!’ म्हणतात, फोटो काढतात. मी गुण देतो.

केलं: ८. चव: ०. पायऱ्या चढलो हे खरं, आणि वर काही वाटलं नाही हेही खरं. मॅडमचं म्हणणं, मन झालं की करू असं ठरवलं तर तुम्ही अंथरुणातच राहाल. आधी करायचं. मन मागून येतं. कधी येतं, कधी येत नाही, तरी आपण थांबायचं नाही. मला पहिल्यांदा हे ऐकून रागच आला होता. पण पहिल्या आठवड्याची पानं बघितली तर ‘चव’च्या रकान्यात जे दोन-चार एक-एक, दोन-दोन दिसले, ते सगळे मी उभा असतानाचे होते. पडून असतानाच्या तासांना एकदाही शून्याच्या वर काही मिळालेलं नव्हतं. राग गेला असं नाही, पण वाद घालायला मुद्दा उरला नाही.

७:००

नळाला पाणी. चार बादल्या, दोन कळशा, पिंप. मग चहा-पोळी, आणि आईच्या हातची गोळी.

गोळीचा एक विधी आहे. पट्टी आईच्या कपाटात, किल्ली तिच्या कमरेला. ती एक गोळी माझ्या तळहातावर ठेवते, पाण्याचा पेला देते, मी गिळतो, ती म्हणते, “आ कर.” छत्तिसाव्या वर्षी मी आ करतो. ही नाल्ट्रेक्झोन, ५० मिलिग्रॅमची. मेंदूत गर्द जिथे जाऊन बसतं त्या जागा ही आधीच अडवून ठेवते, मग वरून काही ओढलं तरी काम होत नाही. सुरू करण्याआधी अंगातून सगळं उतरलेलं लागतं, आठवडा-दहा दिवस तरी. नाहीतर हीच गोळी दणकून टर्की आणते. सोबत दुसरी एक छोटी गोळी, नैराश्याची. ती डॉक्टरांनी लगेच दिली नव्हती. म्हणाले, सुटल्यावर पहिले काही आठवडे मन उतरतंच, पुष्कळांचं आपसूक वर येतं, वाट बघू. माझं आलं नाही, तेव्हा सुरू केली. तिलाही हातपाय हलवायला तीन-चार आठवडे लागले, आणि जे झालं ते एवढंच, की भिंतीकडे केलेलं तोंड खोलीकडे वळलं. ते कमी नाही.

शेजारच्या काकू विचारतात, “म्हणजे गोळ्यांचं व्यसन लागलं का आता?” ग्रुपमधल्या एकाला ब्युप्रेनॉर्फिन चालू आहे, जिभेखाली ठेवून विरघळवायची. त्याला तर त्याचे सासरे रोज ऐकवतात, एक नशा सोडून दुसरी धरली. त्या माणसाने दीड वर्षात चोरी केलेली नाही, मुलाची फी भरलीय, आणि वेळेवर जेवतो. सासऱ्यांना मधुमेह आहे. इन्सुलिनचं व्यसन कधी सुटणार, असं त्यांना कोणी विचारत नाही.

आईने आज पट्टी उलटसुलट करून बघितली आणि परत ठेवली. बोलली नाही.

केलं: ७. चव: १. ती एक आल्याच्या चहाची.

८:२०

दांडेकर पुलावरून सदाशिव पेठ म्हणजे पायी फार तर वीस मिनिटं. मला पस्तीस लागतात, कारण एक चौक मी टाळतो. तिथे आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे, पुडीवाला केव्हाच गेला. पण पोटाला ते कळत नाही. लांबचा रस्ता घेतो आणि पावसाने पडलेली बुचाची फुलं मोजतो. मोजणं बरं असतं. मोजताना माणूस दुसरं काही करत नाही.

९:०० ते १:००

आज १९२ पानांचा दिवाळी अंक आहे. १६ पानांचा एक फर्मा, असे बारा फर्मे. मोठा छापील कागद तीनदा दुमडला की सोळा पानं होतात. मावश्या घडी घालतात, त्यांचे हात एवढे भराभर चालतात की कागद स्वतःच मिटतोय असं वाटतं. मग लांब टेबलावर बारा ढीग ओळीने मांडायचे आणि टेबलाभोवती फिरत प्रत्येक ढिगातला एकेक उचलायचा. बारा उचलले की एक अंक. ठोकून सारखा करायचा, बाजूला ठेवायचा, परत पहिल्या ढिगाशी. प्रती तीन हजार. म्हणजे छत्तीस हजार वेळा हात पुढे करायचा.

लोकांना हे काम कंटाळवाणं वाटतं. मला ते परवडतं. ज्याला आतून काही हवंसं वाटत नाही त्याने पुढचा फर्मा उचलावा, कारण तो समोरच असतो.

अण्णांनी मला कामावर घेतलं ते असं. मी आधीच सांगितलं, गर्द ओढायचो, तीन महिने झालेत. ते चष्मा पुसत म्हणाले, “टर्की झाली का?” मी चमकलो. पुण्यातल्या एका साठीच्या बाइंडरला हा शब्द कुठून माहीत? तर अनिल अवचटांचं ‘गर्द’ त्यांनी वाचलेलं. १९८० नंतर मुंबई-पुण्यात ही पावडर कशी घुसली, चांगल्या घरची पोरं कशी सुकत गेली, ते त्यात आहे. अवचटांचं ते लिखाण वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी पैसे दिले, आणि २९ ऑगस्ट १९८६ ला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झालं. डॉ. अनिता अवचटांनी ते उभं केलं. मी पूर्वी ज्या केंद्रात राहिलो ते दुसरं, पण पुण्यात कुठेही ‘टर्की’ म्हटल्यावर समजणारा माणूस भेटतो त्याचं मूळ तिथे आहे असं मला वाटतं. त्या पुस्तकाने मला नोकरी दिली, असंही म्हणता येईल.

दहाच्या सुमाराला एक गडबड झाली. सोसायटीच्या रजिस्टरांच्या कण्यावर सोनेरी अक्षरं उमटवायची होती आणि ते काम करणारा पोरगा तापाने आलेला नाही. ते मशीन मला चालत नाही. पहिल्या आठवड्यात अण्णांनी मला त्यावर बसवलं होतं. पितळी खिळे तापले, सोनेरी फॉइलची पट्टी समोर आली, चकाकली, आणि माझं नाक गळायला लागलं. जांभया. डोळ्यांत पाणी. पोटात मुरडा. अंगात एक कणही नसताना तीन महिन्यांनी टर्कीची सगळी वरात आली. चकाकणारा पातळ पत्रा आणि खाली उष्णता, एवढंच शरीराला पुरलं. मॅडमनी नंतर सांगितलं की असं होतं, याला घाबरायचं नाही, पण मुद्दाम समोरही जायचं नाही. मी तेव्हा मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि अण्णांना म्हणालो, “फॉइलचं सोडून काहीही सांगा.” त्यांनी कारण विचारलं नाही.

आज त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच बाह्या सारून मशीनवर बसले. मी टेबलाच्या लांबच्या टोकाला गेलो आणि पाठ केली. बारा रजिस्टरं होईपर्यंत मी वळलो नाही.

केलं: ९. चव: ०. अण्णांच्या पाठीबद्दल कृतज्ञता वाटायला हवी होती, हे मला डोक्याने कळत होतं. कळणं आणि वाटणं यांच्यातली वायर कुठेतरी तुटलीय.

डॉक्टरांनी ही वायर कागदावर काढून दाखवली होती. मेंदूत अफूला बसायच्या जागा आहेत हे १९७३ मध्ये सापडलं. दोन वर्षांत कळलं की आपलं शरीर स्वतःच अफूसारखी द्रव्यं बनवतं, थोडी थोडी, गरजेपुरती. पोळी गरम लागते, पोर मांडीवर बसलं की बरं वाटतं, लागलेलं दुखणं सोसवतं, त्यात त्यांचाही हात असतो. “आता समजा,” डॉक्टर म्हणाले, “तुमची एक गिरणी आहे. बाहेरून दहापट माल रोज दारात पडायला लागला, तर गिरणी चालेल का? बंद पडेल. आणि बाहेरचा माल थांबला म्हणून ती दुसऱ्या दिवशी भोंगा वाजवून सुरू होते का? यंत्रं गंजलेली, कामगार गावाला गेलेले. वेळ लागतो. महिने लागतात. पण सुरू होते.”

गिरणीचं उदाहरण मला चांगलंच कळलं. माझे मामा लालबागला साच्यावर होते. १९८२ च्या संपानंतर त्यांची गिरणी परत सुरू झालीच नाही, आता तिथे टॉवर आहे. हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही. बिचारे मन लावून समजावत होते.

१:००

डबे. मावश्यांच्या घोळक्यात मीच एकटा पुरुष. एकीचा मुलगा दारू पितो, दुसरीचा नवरा दारूने गेला. गर्दचं त्यांना नवल नाही, फक्त विचारतात, “महाग असतं का रे?” मोठ्या मावशीने ठेचा वाढला. ठेच्याला मी दोन गुण दिले, पण तिखटाला चव म्हणावं की नुसती आग, याबद्दल मला शंका आहे.

मला थोडा खोकला आहे म्हणून तिने पिशवीतून औषधाची बाटली काढली. मी लेबल वाचलं आणि परत दिली. कोडीन होतं त्यात. कोडीन अफूचीच पोरगी. मावशीला राग आला, “अरे, खोकल्याचं औषध आहे, विष नाही.” तिला सांगितलं की गर्दमधलं हेरॉइनसुद्धा १८९८ मध्ये बायर कंपनीने खोकल्याचं औषध म्हणूनच बाजारात आणलं होतं, आणि ते नाव वीर, पराक्रमी अशा अर्थाच्या जर्मन शब्दावरून ठेवलं होतं. मावशी घास थांबवून म्हणाली, “मग हळद-दूधच घे बाबा.”

३:४५

आता येतो तो तास.

रात्रीचं लोकांना कळतं. रात्री एकटं वाटतं, अंधार असतो, कोणीही समजून घेईल. दुपारी पावणेचारला काय होतं ते सांगणं अवघड आहे, कारण काहीच होत नाही. ऊन तिरकं होऊन पत्र्यावरून टेबलावर येतं. पंखा फिरतो. कोपऱ्यावरच्या अमृततुल्यातून चहा येतो, आणि त्या नावाच्या चहाला कोमट पाण्याची चव असते. हात पुढे होतात आणि मधेच थांबतात. सातव्या ढिगाशी मी उभा आहे आणि आठव्याशी का जायचं, ते मला माहीत नाही. दुखत असतं तर बरं होतं, असं वाटतं. दुखण्याला निदान जागा असते.

आणि मग अगदी शांत आवाजात, कोणी पत्ता सांगावा तसं, डोक्यात येतं की तो चौक इथून बारा मिनिटांवर आहे. हाव नसते हो. जीभ लवलवत नाही. नुसता एक पत्ता. आज गोळी घेतलीय, ओढून उपयोग नाही, हेही त्याच शांतपणे कळतं. तेव्हा मन म्हणतं, मग उद्या गोळी चुकव. आणि एखाद्या दुपारी त्याच्याही पुढचं म्हणतं, की हे सगळंच कशाला चालू ठेवायचं?

हे पुढचं मी पहिले दोन महिने कोणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी एका भेटीत सरळच विचारलं, जीव द्यावासा वाटतो का? मला वाटलं होतं, हा प्रश्न कोणी विचारला तर मी कोसळेन. उलट खांद्यावरची गोणी कोणीतरी दुसऱ्या बाजूने धरली असं झालं. आता ते दर वेळी विचारतात आणि मी खरं सांगतो. वहीच्या मार्बल कागदाच्या आतल्या बाजूला मी दोन नंबर लिहून ठेवलेत. १४४१६, मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलिमानस, आणि १४४४६, व्यसनाची. पहिला एकदा रात्री लावला होता. उचलला. पलीकडची बाई मराठीत बोलली. मी सात मिनिटं बोललो, त्यातली चार गप्प होतो.

दुपारसाठी भाऊ आहेत. भाऊ रिक्षा चालवतात, नऊ वर्षं क्लीन आहेत, ग्रुपमध्ये माझे स्पॉन्सर. मी जिन्यात जाऊन फोन लावला.

“भाऊ, चार वाजले.”

“माझ्याकडं पण चारच वाजलेत. कुठं हाईस?”

“जिन्यात.”

“किती राहिलं काम?”

“चारशे प्रती असतील.”

“एक उचल. झाली की मिस कॉल दे.”

उपदेश नाही, देवाचं नाव नाही. त्यांना ठाऊक आहे. तेही एका पावसाळ्यात अशाच दुपारी रिक्षाच्या मागच्या सीटवर पडून असायचे. मी आत गेलो, बारा फर्मे उचलले, ठोकले, मिस कॉल दिला. मग आणखी एक प्रत. मिस कॉल. पाचव्या मिस कॉलनंतर त्यांचा मेसेज आला, भाडं लागलंय, आता बस कर.

केलं: १०. आजवरचं हे एकमेव दहा. चव: ०.

५:१०

जुळवलेल्या अंकांचा ढीग उभा केला की कण्यावरच्या काळ्या खुणा दिसतात. प्रत्येक फर्म्याच्या घडीवर एक छोटा चौकोन छापलेला असतो, प्रत्येक पुढच्यावर थोडा खाली. बरोबर जुळलं असेल तर कण्यावर वरून खाली पायऱ्या उतरतात. मी गठ्ठे बघत चाललो होतो, नजर नेहमीसारखी मेलेली. एका गठ्ठ्यापाशी थांबलो. सहानंतर आठ, मग सात. पायरी मोडली होती. मागचा गठ्ठा बघितला, तिथेही. दोनशे चाळीस प्रती उलट्या लागल्या होत्या आणि तासाभरात गोंदाला जाणार होत्या. गोंद लागला की संपलं, मग रद्दी.

मी ओरडलो, “अण्णा, थांबवा!” इतक्या मोठ्यांदा की मावश्या दचकल्या. मीही. पाच महिन्यांत माझा आवाज एवढा वर गेला नव्हता. चूक कोणाची हे उघड होतं. सातव्या ढिगाशी पावणेचारला कोण उभं होतं? अण्णांनाही कळलं. ते म्हणाले, “ज्याने घातलं त्यानेच काढलं, फिट्टंफाट.” सगळ्यांनी मिळून सोडवून लावायला पाऊण तास गेला.

केलं: ६. चव: ३. तीन लिहिलं आणि बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिलो. मग वाटलं, जास्त झालं, खोडून दोन करावं. रबर सापडलं नाही.

६:४५

शनिवार, म्हणजे पगार. माझा पगार आईच्या खात्यात जातो. ही अट मीच घातली. खिशात शनिवारी सातशे रुपये वाजायला लागले की पाय आपले राहत नाहीत, हे दोन वेळा बघून झालंय. अण्णा फोनवर पैसे पाठवतात, पडद्यावरची खूण मला दाखवतात आणि हातावर शंभर ठेवतात. कमीपणा वाटत नाही का, असं एका नातेवाइकाने विचारलं. वाटला असता तर बरंच झालं असतं, काहीतरी वाटलं तरी असतं.

७:३०

मीटिंग. एका चर्चच्या मागची खोली, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, बिस्किटं. २०१९ मध्ये केंद्र सरकारच्या सर्वेक्षणाचा अहवाल आला, त्यात अफूच्या कुळातलं काही ना काही घेणारे देशात सव्वादोन कोटींच्या वर निघाले. आज आम्ही अकरा होतो.

अकरा, कारण बारावा गेला. पंचवीस वर्षांचा असेल. तीन महिने क्लीन होता. त्याबद्दल लाल की-टॅग मिळाला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तोही गोळी घ्यायचा, ती आठ-दहा दिवस बंद केली म्हणे, घरच्यांना न सांगता, आणि मग एका दुपारी पूर्वी घ्यायचा तेवढंच घेतलं. पूर्वीचं माप पूर्वीच्या शरीराचं असतं. सोडल्यावर शरीराची सवय उतरते, आणि कालपरवा सहज पचणारं आज श्वास बंद करतं. सोडलेला माणूस परत गेला की चालू असलेल्यापेक्षा जास्त धोक्यात असतो, हे घरोघरी माहीत असायला हवं आणि नसतं. घरच्यांना वाटतं, एकदा घेतलं तर काय मोठंसं, परत केंद्रात टाकू.

कोणी म्हणालं, तो तर खूश दिसायचा. भाऊ म्हणाले, “खूश नव्हता. गप होता.” मग बराच वेळ कोणी बोललं नाही. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं, घशाशी काहीतरी आलं. रात्री वहीत हे कुठल्या रकान्यात लिहावं कळेना. मी ‘चव’मध्ये ४ लिहिले. कडूही चवच असते, असं मॅडम म्हणतील की नाही माहीत नाही.

९:१५

आमटी-भात. पुतणी शेजारी पाढे म्हणत होती, सतराच्या पाढ्यात सतरा सक्कंपाशी अडली. “काका, किती?” “एकशे दोन.” “कसं काय येतं तुला?” बाराचे ढीग मोजून मोजून, असं सांगितलं नाही. तिच्या जन्माच्या दिवशी मी स्टेशनामागे होतो, हेही तिला माहीत नाही. आमटीत मीठ बरोबर होतं. विचारलं तर आई म्हणाली, रोज तेवढंच असतं.

१०:३०

दिवा घालवायच्या आधी आई आली, उंबऱ्यातच उभी राहिली. सकाळी पट्टी का निरखत होती ते आता बोलली. नाल्ट्रेक्झोनच्या दोनच गोळ्या उरल्या आहेत, उद्याची आणि परवाची. उद्या रविवार, नेहमीचं मेडिकल बंद असतं. चिठ्ठी वहीत ठेवलीय. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत आणायच्या.